कड्यावरून दिसणारा श्वास

लहान मुलांच्या पुस्तकांत देवमासा हटकून एकाच अवतारात भेटतो. निळं, ढेरपोट्या अंग आणि डोक्यावर कारंजं. तोंडानं आत घेतलेलं पाणी तो डोक्यावरच्या भोकातून उडवतो, असं मग मोठेपणीही अनेकांना वाटत राहतं. ते भोक म्हणजे त्याचं नाक आणि त्याची वाट थेट फुफ्फुसांकडे जाते. हे ठाऊक असणं आपल्याकडेही उपयोगाचं आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला व्हेलचं पिल्लू किनाऱ्यावर आलं होतं. अशा प्राण्याची कातडी ओली ठेवावी लागते हे खरं, पण बादली नाकपुडीवर उपडी केली तर ते पाणी फुफ्फुसात जाऊ शकतं.

हे नाक काम करताना पाहायचं तर सिडनीजवळच्या केप सोलँडरवर जावं. बॉटनी बेच्या मुखाशी, दक्षिण बाजूला, राष्ट्रीय उद्यानातला हा कडा. 1770 मध्ये कॅप्टन कुकच्या ‘एंडेव्हर’ जहाजावरून इथं आलेला निसर्गअभ्यासक डॅनियल सोलँडर, सजीवांच्या नामकरणाची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसचा शिष्य, याचं नाव त्याला दिलेलं आहे. मे अखेरीपासून जुलैपर्यंत हंपबॅक व्हेल अंटार्क्टिकाकडून उत्तरेला, क्वीन्सलँडच्या उबदार पाण्यात विणीसाठी जातात आणि वाटेत या टोकाला खेटून पुढे सरकतात. दर हिवाळ्यात स्वयंसेवक इथं बसून त्यांची मोजदाद करतात. बाकीचे लोक कड्याकडेनं केप बेलीच्या दीपगृहापर्यंत पायी जातात. त्या महिन्यांत सिडनीला लेकाकडे गेलेल्या आईबाबांनी स्वेटर नक्की न्यावा; तिथला जुलै थंडीचा असतो.

कडाच का? पृथ्वी गोल आहे म्हणून. डोळ्यांची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि 3.57 नं गुणा. क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. वाळूत उभं राहिलं तर ते जेमतेम पाच किलोमीटरवर असतं, 30 मीटर उंचीवरून साडेएकोणीसवर.

दिसतो तो मात्र व्हेल नव्हे, त्याचा उच्छ्वास. आपण शांत बसलेले असताना एका श्वासात फुफ्फुसातली साधारण दहा टक्के हवा बदलतो. व्हेल ऐंशी-नव्वद टक्के बदलतो आणि तेही एक-दोन सेकंदांत. दाबाखालची ऊबदार, दमट हवा एकदम मोकळी होऊन प्रसरण पावते, गार होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे थेंब बनतात. नाकपुड्यांवर साचलेलं थोडं समुद्राचं पाणी आणि शेंबूड हेही त्यात मिसळतात. हंपबॅकचा फवारा तीनएक मीटर उंच आणि झुडपासारखा फुललेला असतो, राइट व्हेलचा इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा दुभंगलेला. हा शेंबूड वाया जात नाही. सिडनीच्या किनाऱ्यालगत संशोधकांनी 19 हंपबॅकच्या फवाऱ्यांतून ड्रोन नेऊन नमुने गोळा केले आणि त्यांत सहा नवे विषाणू सापडल्याचं 2018 मध्ये जाहीर केलं.

चार-पाच फवारे झाले की पाठीची कमान होते, शेपूट उभं राहतं आणि प्राणी खाली जातो. पाच-दहा मिनिटं काहीच नाही. तेवढा वेळ तो कशावर तगतो? फुफ्फुसातल्या हवेवर नव्हे. शंभर मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या अकरापट असतो, म्हणजे हवा अकराव्या हिश्शाएवढी आकसते. खोल बुडीत फुफ्फुसं चेपून जातात आणि ते बरंच असतं, कारण मग वर येताना घातक ठरू शकणारा नायट्रोजन रक्तात फारसा शिरत नाही. ऑक्सिजनचा मोठा साठा असतो तो रक्तात आणि स्नायूंत.

स्नायूंतला साठा मायोग्लोबिन या प्रथिनाकडे असतो. माझ्या लेखी व्हेलची खरी करामत हीच. याच्या एका रेणूत लोहाचा एक अणू असतो, तो ऑक्सिजनचा एक रेणू धरून ठेवतो आणि स्नायूतलं ऑक्सिजनचं प्रमाण अगदी कमी झाल्यावरच सोडतो. जॉन केंड्रू यांनी 1958 मध्ये एका प्रथिनाची त्रिमितीय रचना जगात पहिल्यांदा उलगडली, ती स्पर्म व्हेलच्या मायोग्लोबिनची. 1962 चं नोबेल त्यांना मॅक्स पेरुट्झ यांच्याबरोबर मिळालं. स्पर्म व्हेलच्या स्नायूत मायोग्लोबिन आपल्या सुमारे दहापट असतं. मांस जवळजवळ काळं दिसतं ते त्यामुळे.

इथं एक पेच आहे. प्रथिनं इतकी दाटीवाटीनं भरली की एकमेकांना चिकटतात आणि नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या होतात. मग हे स्नायू नासत का नाहीत? 2013 मध्ये मायकेल बेरेनब्रिंक आणि सहकाऱ्यांनी याचं उत्तर दिलं: विद्युतभार. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी आणि त्यांतल्या काहींवर धन, काहींवर ऋण भार असतो. पट्टीच्या बुड्या मारणाऱ्या सस्तन प्राण्यांत मायोग्लोबिनच्या पृष्ठभागावरची मोजकी अमिनो आम्लं अशी बदलली आहेत की बेरीज ठळकपणे धन होते. सजातीय भार एकमेकांना दूर सारतात, म्हणून रेणू दाटीतही सुटे राहतात. याची मजेदार बाजू अशी की भार मोजला की साठ्याचा अंदाज येतो. आजच्या प्राण्यांतले अमिनो आम्लांचे क्रम ताडून पूर्वजांचा क्रम मांडता येतो. त्यावरून भार, भारावरून साठा, साठा आणि शरीराचं वजन यांवरून बुडीचा वेळ. जीवाश्मात प्रथिनाचा कणही उरला नसताना! पाच कोटी वर्षांपूर्वीच्या, चार पायांच्या पाकिसेटस या आद्य व्हेलसाठी उत्तर आलं जेमतेम दीड मिनिट. पुढच्या, पूर्ण जलचर बॅसिलोसॉरससाठी सतराएक मिनिटं.

स्पर्म व्हेल म्हटलं की आपल्याकडे मात्र ‘उलटी’ आठवते. कोट्यवधींची व्हेलची उलटी पकडल्याच्या बातम्या राज्यात अधूनमधून येतच असतात. ती बहुधा उलटी नसतेच. माकुळाच्या न पचणाऱ्या चोचींभोवती आतड्यात साचणारा तो पदार्थ आहे. अत्तरवाल्यांकडे त्याला कृत्रिम पर्याय कधीच आले आहेत, आणि आपल्याकडे वन्यजीव कायद्यानुसार त्याचा व्यापार गुन्हा आहे. किनाऱ्यावर मेणचट गोळा दिसला म्हणून नशीब उघडलं असं समजणाऱ्याच्या वाट्याला बहुधा खरंच मेण येतं किंवा पोलीस.

पूर्व ऑस्ट्रेलियात हंपबॅकची शिकार 1962 पर्यंत चालली आणि तोवर तिथं काहीशेच उरले होते. पुढे संरक्षण मिळालं, संख्या हजारोंनी वाढली आणि फेब्रुवारी 2022 मध्ये ऑस्ट्रेलियानं त्यांना संकटग्रस्त यादीतून काढलं. त्यामुळे जूनमध्ये केप सोलँडरवर रिकाम्या हातानं परतायची वेळ क्वचितच येते, फक्त दुर्बीण कुठं रोखायची ते कळायला हवं. शेपूट बुडालं त्या जागी ती धरून ठेवू नका. ताशी सहा किलोमीटर वेगानं दहा मिनिटांत प्राणी एक किलोमीटर पुढे गेलेला असतो. पूर्वेकडे तोंड करून उभे असाल तर उत्तर तुमच्या डाव्या हाताला. पुढचा फवारा तिकडे शोधा.