कांची घेणारे दोन विक्रमादित्य

बदामीच्या चालुक्यांत दोन विक्रमादित्य होऊन गेले आणि दोघांनीही पल्लवांची राजधानी कांची (आजचे कांचीपुरम) घेतली. त्यामुळे एकाच्या स्वारीचे तपशील दुसऱ्याच्या नावावर सर्रास चढतात. पहिला (इ.स. 655–680) हा दुसऱ्या पुलकेशीचा मुलगा. दुसरा (733–744) त्या पहिल्याचा पणतू. दोघांच्या मध्ये विनयादित्य आणि विजयादित्य असे दोन राजे.

पहिल्याच्या स्वारीमागे 642 चा घाव होता. नरसिंहवर्मन पल्लवाने बदामी जिंकली, त्या युद्धात पुलकेशीचा अंत झाला, आणि नरसिंहवर्मनाचा विजयलेख बदामीच्याच खडकावर कोरला गेला. राजधानी सोडवून राज्य सावरण्यात तेरा वर्षे गेली. त्यानंतर विक्रमादित्याने दक्षिणेकडे मोर्चा वळवला. गदवाल ताम्रपट त्याने स्वारीवर असतानाच दिला: शके 596, वैशाख पौर्णिमा, म्हणजे एप्रिल 674. तळ कुठे, तर कावेरीच्या दक्षिण तीरावर, उरगपुरात. हे आजच्या तिरुचिरापल्लीतले उरैयूर. म्हणजे कांची मागे टाकून तो थेट चोळ देशात उतरला होता.

पण एवढ्या लांब जाऊन हाती काय राहिले? परमेश्वरवर्मन पल्लवाने पेरुवळनल्लूरला त्याचा मोड केला. लाखोंची फौज असलेला हा राजा अंगावरच्या चिंधीनिशी पळाला, असे पल्लवांचा कूरम ताम्रपट सांगतो. गदवालचा पट मात्र पल्लवांचा गर्व उतरवल्याचे सांगतो. दोन्ही पट आपापल्या धन्याची थोरवी गातात, म्हणून एकावरून निकाल देऊ नये. कांची पडली हे खरे, आणि ती चालुक्यांकडे टिकली नाही हेही खरे.

दुसऱ्या विक्रमादित्याची गोष्ट निराळी. राज्यावर येताच त्याने तुंडाक प्रदेशावर, म्हणजे कांचीभोवतीच्या तोंडैमंडलमवर, झपाट्याने चाल केली आणि नंदिवर्मन (नंदिपोतवर्मन) पल्लवाला हरवले. कटुमुख व समुद्रघोष ही वाद्ये, खट्वांगध्वज (कवटी लावलेल्या दंडाचे निशाण), हत्ती आणि माणकांच्या राशी त्याच्या हाती लागल्या. राजचिन्हे शत्रूच्या हाती पडणे ही पल्लवांची मोठी नामुष्की होती. कांचीत शिरल्यावर मात्र त्याने शहर उद्ध्वस्त केले नाही. दानधर्म केला आणि राजसिंहेश्वराच्या देवळाचे सोने देवाला परत दिले. तिथल्या खांबावर त्याचा कन्नड लेख आजही आहे. राजसिंहेश्वर म्हणजे आजचे कैलासनाथ मंदिर.

याच देवळामुळे दोघांतला फरक पक्का होतो. ते बांधवून घेणारा नरसिंहवर्मन राजसिंह हा बदामी जिंकणारा नरसिंहवर्मन नव्हे, तर परमेश्वरवर्मनाचा मुलगा, त्याचा काळ साधारण 700 ते 728. त्यामुळे 674 मध्ये हे देऊळ नव्हतेच. कैलासनाथाचे सोने परत दिल्याची गोष्ट पहिल्या विक्रमादित्याची म्हणून वाचलीत, तर ती सरळ चुकीची समजा.

‘कांची तीनदा जिंकली’ हेही दुसऱ्याचेच. पट्टदकलच्या लेखात तसा उल्लेख आहे, आणि तिथले विरूपाक्ष मंदिर राणी लोकमहादेवीने त्याच विजयासाठी उभारले. त्या तीन स्वाऱ्या बहुधा अशा: एक तो युवराज असताना, एक राजा झाल्यावर, आणि एक त्याचा मुलगा कीर्तिवर्मन याने केलेली.

ताम्रपट वाचताना आधी शत्रूचे नाव पाहावे. पहिला परमेश्वरवर्मन (ईश्वरपोतराज) असेल तर स्वारी पहिल्याची, नंदिपोतवर्मन असेल तर दुसऱ्याची. मग तारीख. शकात 78 मिळवले की सहसा इसवी सन मिळतो, पण तो पट दिल्याचा. गदवालचा पट छावणीतूनच दिलेला, म्हणून तिथे पटाचे साल हेच स्वारीचे साल. दुसऱ्या विक्रमादित्याच्या विजयाचे सविस्तर वर्णन पुणे जिल्ह्यातल्या केंदूरला सापडलेल्या पटात आहे, पण तो त्याच्या मुलाने, कीर्तिवर्मनाने, शके 672 मध्ये म्हणजे 750 साली दिला. तोवर विक्रमादित्य हयात नव्हता, त्यामुळे कांचीच्या स्वारीपुढे 750 हे साल घालू नये.