'कापितानो' तीन प्रकारे

का-पि-ता-नो. चार अवयवांचा, म्हणजे उच्चाराच्या चार तुकड्यांचा, हा इटालियन शब्द. 'का'वर जोर दिला तर 'घडतात', 'ता'वर दिला तर 'कप्तान' आणि शेवटच्या 'नो'वर दिला तर 'त्याने नेतृत्व केलं'. लिहिताना यातल्या फक्त तिसऱ्या शब्दाच्या शेवटच्या स्वरावर खूण येते. पहिले दोन कागदावर अगदी सारखे दिसतात.

मराठीत जोर हलवल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे लक्षच देत नाही. इटालियनमध्ये मात्र क्रियापदाचा पुरुष आणि काळसुद्धा त्यावर ठरतो. 'पार्लो'त 'पार्'वर जोर दिला तर 'मी बोलतो', 'लो'वर दिला तर 'तो बोलला'!

बहुतेक इटालियन शब्दांत जोर शेवटून दुसऱ्या अवयवावर असतो. 'पार्-ल्या-मो' (आम्ही बोलतो), 'पार्-ला-ते' (तुम्ही बोलता) ही रूपं त्या सवयीत बसतात. त्याच ओघात 'पार्-ला-नो' (ते बोलतात) म्हणताना नवशिक्या 'ला'वर जोर देतो आणि तिथेच चुकतो. वर्तमानकाळात मी, तू, तो आणि ते या चार रूपांत जोर धातू सोडत नाही; आम्ही आणि तुम्ही या दोनच रूपांत तो प्रत्ययाकडे सरकतो. लॅटिनमध्ये 'ते गातात' म्हणजे 'कान्-तान्त', दोनच अवयव. इटालियनमध्ये शेवटचा 'त' गळून 'ओ' जोडला गेला आणि 'कान्-ता-नो' झालं, पण जोर होता तिथेच राहिला. 'आ-बि-ता-नो' (ते राहतात) यात तर तो शेवटून चौथ्या अवयवावर आहे.

मला सगळ्यात सुंदर वाटते ती पुढची गोष्ट. काही क्रियापदांत जोर सरकला की धातूचा स्वरही बदलतो. 'मी बसतो' म्हणजे 'स्ये-दो', पण 'आम्ही बसतो' म्हणजे 'से-द्या-मो'. जोराखाली जुन्या 'ए'चा 'ये' झाला. जोर नव्हता तिथे 'ए' तसाच राहिला. आपल्याकडे 'मूल'चं 'मुलाला' होतं, 'फूल'चं 'फुलाला'. कारण निराळं, पण प्रत्यय लागल्यावर मूळ शब्दाचा स्वर बदलणं आपल्या ओळखीचं आहे.

एका बाबतीत मात्र मराठी कान आधीच तयार असतो. 'का-दे' म्हणजे 'पडतो', 'काद्-दे' म्हणजे 'पडला'. पहिल्यात अवयव स्वरावर संपतो, म्हणून 'का' लांबतो. दुसऱ्यात 'द'ने तो बंद होतो आणि स्वर आखूड होतो. 'हत्ती', 'पक्का' म्हणणाऱ्याला हे जोडाक्षर वेगळं शिकवावं लागत नाही.