धुराच्या खोलीतली माती

शेतघराच्या मागे एक बिनखिडकीची लाकडी खोली असायची. वर डुकराच्या तंगड्या टांगलेल्या, खाली मातीच्या जमिनीवर धुमसती शेकोटी. जॉर्जिया, अलाबामा, व्हर्जिनियातल्या शेतकऱ्यांची वर्षभराची बेगमी याच खोलीत. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) फुटून निघालेली दक्षिणेतली राज्यं उत्तरेशी लढत होती, तेव्हा दक्षिणेतल्या बायकांनी या खोल्यांची जमीन खणली आणि ती माती पाण्यात कालवली. त्यांना मीठ हवं होतं.

दक्षिणेत बरंचसं मीठ लिव्हरपूलहून यायचं. कापूस न्यायला येणाऱ्या जहाजांच्या तळाशी वजन म्हणून ते भरलेलं असे. एप्रिल १८६१ मध्ये उत्तरेच्या बाजूनं राष्ट्राध्यक्ष लिंकननं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली आणि हा रस्ता आक्रसत गेला. याच नाकेबंदीनं मुंबईत कापसाचे भाव आभाळाला भिडले. इकडे तेजी, तिकडे रिकामी बरणी.

समुद्र तर होता. पण एक लिटर समुद्राच्या पाण्यात क्षार जेमतेम ३५ ग्रॅम. किलोभर मिळवायला सुमारे ३० लिटर पाणी आटवावं लागतं. आच अजिबात वाया गेली नाही, तरी त्याला पाचेक किलो सुकं लाकूड लागेल. उघड्या कढईखाली त्याच्या कितीतरी पट. आपल्या उरण-पेणच्या मिठागरांना पावसाळ्यानंतर कोरडे महिने मिळतात. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पाऊस वर्षभर, म्हणून चुली पेटवणं आलं. मीठ कढवण्याच्या अनेक भट्ट्यांवर गुलामांना जुंपलं होतं, आणि उत्तरेचं आरमार येऊन कढया फोडून जाई.

मिठाशिवाय चालत नव्हतं का? जेवण अळणी झालं असतं, एवढंच? नाही. शंभर किलो मांसाला आठ-दहा किलो मीठ चोळायचे. मीठ मांसातलं पाणी ओढून घेतं, उरलेलं इतकं खारट करतं की जिवाणूंना ते वापरता येत नाही. पण मीठ हाडापर्यंत मुरायला काही आठवडे जातात. तोवर थंडीनं जिवाणू रोखून धरायचे, म्हणूनच डुकरं हिवाळ्यातच मारायची. मीठ वेळेवर आलं नाही तर हंगाम निघून जातो, आणि डुक्कर घरातला मका खात राहतं. मारलं आणि हवा उबदार झाली, तर मांस आतून, हाडाजवळून कुजतं.

वर्षानुवर्षं खोलीच्या जमिनीवर खारं पाणी ठिबकत आलं होतं. मीठ उडून जात नाही, कुजत नाही. डोक्यावर छप्पर असल्यानं पावसानं ते वाहूनही गेलं नव्हतं. माती पिंपात भरायची, वरून पाणी ओतायचं, खालून गळलेलं पाणी कढवायचं. मीठ विरघळतं, चिकणमाती आणि चरबी विरघळत नाहीत. सगळी युक्ती एवढीच. हाती येई ते मळकट, तपकिरी मीठ.

दक्षिणेचं सरकारही असंच खणत होतं, वेगळ्या क्षारासाठी. जुन्या घरांखालच्या मातीत जिवाणू मलमूत्रातल्या अमोनियाचं नायट्रेट करतात. त्यातून सोरा मिळतो, आणि बंदुकीच्या दारूत तीन चतुर्थांश सोराच असतो. मांस खारवतानाही चिमूटभर सोरा घालत, त्यानं रंग लालसर राहतो. आता तो तोफेकडे निघाला.

एप्रिल १८६३ मध्ये पिकाचा दहावा हिस्सा कर म्हणून वसूल करायचं ठरलं. डुकरांच्या मांसाचा वाटा मात्र खारवून द्यायचा होता. म्हणजे नवरा पलटणीत, आणि सरकारच्या वाट्यालाही मीठ हिच्याच पिंपातलं! त्याआधी महिनाभरच, नॉर्थ कॅरोलायनातल्या सॉल्झबरीत सैनिकांच्या बायकांनी कुऱ्हाडी घेऊन दुकानं गाठली होती आणि पीठ, काकवी, मीठ उचलून नेलं होतं.

दक्षिणेची मोठी भिस्त व्हर्जिनियातल्या सॉल्टव्हिलच्या खाऱ्या विहिरींवर होती. डिसेंबर १८६४ मध्ये उत्तरेच्या फौजेनं तिथल्या भट्ट्या आणि कढया फोडल्या. डुकरं मारायचे दिवस नुकते लागले होते.