समोरचा माणूस आपला आरसा? जरा थांबा

‘दुसऱ्यातलं जे खुपतं, ते तुमच्यातच असतं’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. सरसकट खरा नाही. देवगडात चुलत्याने हद्दीवरचा चिऱ्यांचा गडगा हातभर तुमच्या आंब्याच्या कलमांत सरकवला आणि तुमचं डोकं फिरलं, तर तो तुमचा छुपा लोभ नव्हे. (मोजणीचा अर्ज करा.) आपला दोष दुसऱ्यावर ढकलणं, म्हणजे मनोविश्लेषक फ्रॉइडचं ‘प्रक्षेपण’, असतंच, पण प्रत्येक चीड प्रक्षेपण नसते.

समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांचा १९०२ मधला आरसा वेगळाच: आपण लोकांना कसे दिसतो, ते काय म्हणत असतील, हे आपणच मनाशी ठरवतो आणि त्यावरून खूश नाहीतर खजील होतो. गणपतीला आलेला चाकरमानी नवा फोन मिरवतो तो त्यापायीच. वाडीचं लक्ष मात्र आरतीनंतरच्या उसळीकडे.