बुरशीने शिंका येतात, मग तिच्यातून अ‍ॅलर्जीचं औषध कसं निघेल?

"बुरशी म्हणजे अ‍ॅलर्जीचं मूळ, तिच्यातून औषध निघतं ही थाप आहे," असा मेसेज पावसाळा लागला की फिरतोच. कोल्हापुरात तो पटतोही. जुलैत कपाटातली चामडी चप्पल काढावी तर तिच्यावर पांढरट-हिरवी लव, आणि झटकली की शिंकांची रांग.

पण शिंका येतात त्या हवेत उडालेल्या बीजाणूंमधल्या प्रथिनांमुळे. शरीरातल्या मास्ट पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) त्यांना शत्रू समजून हिस्टामिन हे शिंका आणणारं रसायन सोडतात. औषधासाठी अख्खी बुरशी कुणी देत नाही. तिने बनवलेला एखादा रेणू वेगळा काढून शुद्ध करतात. असे रेणू समुद्री बुरशीतही शोधतात. ती खारट पाण्यात, जिवाणूंच्या गर्दीत जगते, म्हणून तिच्याकडे अनोखे रेणू सापडण्याची आशा. प्रयोगशाळेत मास्ट पेशींवर तो रेणू टाकून बघतात, की त्या हिस्टामिन सोडायच्या थांबतात का.

बुरशीतून औषध निघतं, याचा पडताळा घरातच आहे. अँटिबायोटिकच्या जुन्या पाकिटावर 'सेफ'ने सुरू होणारं नाव शोधा, उदाहरणार्थ सेफिक्झीम. या कुळाची मूळ बुरशी 1945 मध्ये इटलीतल्या सार्डिनिया बेटाच्या किनाऱ्यावर, सांडपाणी मिसळणाऱ्या समुद्रात मिळाली. (जागा काही रम्य नव्हती!)

उलट टोकाचा मेसेज आला, 'समुद्री बुरशीने अ‍ॅलर्जी कायमची बरी', तर एवढंच विचारा: चाचणी पेशींवर झाली, उंदरांवर की माणसांवर? पेशींवर चाललेले बहुतेक रेणू पुढे गळतात. तोवर चप्पल उन्हात वाळवा, झटकताना नाकाला रुमाल बांधा.