गाले काच आणि फ्रेडी मर्क्युरी यांचा संग्रह

फ्रान्सच्या लॉरेन प्रांतातील नान्सी शहरात एमिल गाले (१८४६–१९०४) यांच्या कारखान्यात तयार झालेल्या शोभिवंत काचवस्तूंना गाले काच म्हणतात. ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी (१९४६–१९९१) यांनी लंडनच्या केन्झिंग्टन भागातील ‘गार्डन लॉज’ या आपल्या घरी जमवलेल्या कलावस्तूंत या काचेचाही समावेश होता.

या काचेचे खरे सौंदर्य तिच्या थरांत आहे. वितळलेल्या काचेच्या गोळ्यावर वेगवेगळ्या रंगांच्या काचेचे थर चढवून भांडे फुंकले जाई आणि ते सावकाश थंड झाल्यावर त्यावर आम्लरोधक लेपाने पाने-फुले रेखली जात. मग हायड्रोफ्लोरिक आम्लात उघडा भाग झिजून आतला फिकट थर दिसू लागे, तर लेपाखालची नक्षी उठावाने शिल्लक राही. उंची वस्तूंवर कारागीर फिरत्या चाकाने बारीक कोरीवकामही करीत. अशा फुलदाणीमागे दिवा ठेवला, की पाकळीचा पातळ कडेचा भाग उजळतो आणि जाड देठ गडदच राहतो.

गाले वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते, त्यामुळे त्यांची फुले केवळ कल्पनेतून उतरलेली वाटत नाहीत. १८८९च्या पॅरिस प्रदर्शनाने त्यांना मोठी कीर्ती मिळवून दिली. १८९४ मध्ये त्यांनी नान्सीत स्वतःचा काचकारखाना उभारला. त्यांच्या मृत्यूनंतरही कारखाना चालू राहिला आणि काही वर्षे सहीशेजारी तारा कोरला जात असे. म्हणून केवळ ‘गाले’ ही सही पाहून वस्तू त्यांच्या हयातीतली मानणे चूक ठरते.

झांझिबारमध्ये पारशी कुटुंबात जन्मलेले मर्क्युरी, मूळचे फारुख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकले. जपानी कलेची त्यांना विलक्षण ओढ होती. किमोनो आणि काष्ठठसा-चित्रे त्यांनी आवडीने जमवली. गाले यांच्या रचनेवरही जपानी कलेचा ठसा स्पष्ट आहे; एकच फांदी तिरपी झुकवून उरलेली जागा मोकळी सोडण्याची त्यांची रीत याच कलेशी नाते सांगते. त्यामुळे मर्क्युरी यांच्या घरी ही काच आणि जपानी चित्रे एकत्र असणे अगदी सुसंगत वाटते.

मर्क्युरी यांच्या निधनानंतर त्यांच्या निकटवर्ती मेरी ऑस्टिन यांनी हे घर सुमारे तीन दशके सांभाळले. सप्टेंबर २०२३ मध्ये सदबीज या लिलावसंस्थेने तेथील हजाराहून अधिक वस्तू लंडनमध्ये विकल्या.