फिरोजाबादला जाण्याआधी

कार्तिकात कौंडण्यपूरची यात्रा भरली की वर्धा नदीकाठी बांगड्यांची दुकानं लागतात. रुक्मिणीचं माहेर ते. तिथे हिरव्या काकणांनी हात भरून घेतल्याशिवाय आमच्याकडची बाई घरी परतत नाही. याच गावाच्या जुन्या टेकाडाचं उत्खनन १९६०च्या दशकात मो. गं. दीक्षित यांनी केलं आणि भारतीय काचेचा इतिहासही त्यांनीच लिहिला. या योगायोगाचं मला फार अप्रूप वाटतं.

काकणं मात्र येतात फिरोजाबादहून. आमच्या बचत गटाच्या बाया यंदा आग्र्याला निघाल्या आहेत. तिथून फिरोजाबाद जेमतेम ४० किलोमीटर, म्हणून एक दिवस त्यासाठी राखून ठेवलाय.

तिकडच्या उसर जमिनीवर पांढरा खार फुलतो. त्याला रेह म्हणतात. काच होते वाळूपासून, पण नुसती वाळू वितळवायला प्रचंड आच लागते. खार मिसळला की ती बऱ्याच कमी आचेवर पाघळते. जुने कारागीर याच रेहपासून जाड, गडद काच करत. पुढे युरोपातल्या बोहेमियाच्या नाजूक, चकचकीत बांगड्यांनी बाजार व्यापला. १९१४ला महायुद्ध पेटलं, परदेशी माल अडला आणि फिरोजाबादच्या भट्ट्यांना दिवस आले.

भट्टीतून सळईवर घेतलेल्या काचेची तार फिरत्या बेलनावर गुंडाळली जाते. त्या लांब वेटोळ्याला उभा छेद दिला की उघड्या तोंडाच्या कड्या सुटतात. मग सधाई, म्हणजे वाकडी कडी आचेवर सपाट करणं, आणि जुडाई, म्हणजे दोन टोकं ज्योतीवर सांधणं. ही कामं बहुतेक घराघरांतून होतात, आणि त्यात बायांचे हात मोठे. कोंदट खोली, डोळ्यांसमोर दिवसभर ज्योत, आणि मजुरी नगावर. या कामाला वर्षानुवर्षं लहान मुलंही जुंपली गेली. आमच्या बायांनी दुकानांआधी या गल्ल्या पाहाव्यात, असं मला कळकळीनं वाटतं.

कोळशाचा धूर आता पूर्वीसारखा दिसणार नाही. ताजमहालाला धोका आहे म्हणून ३० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं या पट्ट्यातल्या कारखान्यांना कोळसा सोडून गॅस वापरायला सांगितलं.

भट्टीजवळ फुटक्या काचेचे ढीग दिसतील. त्यात तुटक्या बांगड्याही असतात. नव्या घाण्यात त्या मिसळल्या की काच लवकर वितळते. आपल्याकडे बांगडी ‘फुटली’ म्हणत नाहीत, ‘वाढवली’ म्हणतात.